नवा अल्बम फुकटात कुठे ऐकायचा?



दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम संपला की आमच्या केंद्रावर एक तरी फोन येतोच. "ताई, मघाचं गाणं कशातलं? मला घरी लावता येईल का?" मागे एक काकू तर स्वतःच केंद्रावर आल्या. त्या ब्लाउज शिवतात, दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर असतात. पर्समधून त्यांनी मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या मोबाइल दुकानात पैसे देऊन भरून घेतलेली गाणी होती त्यात. "सगळी पाठ झालीत. एक संपायच्या आत पुढचं कोणतं ते मला ठाऊक असतं. काहीतरी नवीन भरून द्या."

कार्ड आम्ही भरून दिलं नाही. काकू जरा नाराजच झाल्या. पण दुकानात अशी भरून मिळणारी गाणी परवानगीशिवाय उतरवलेली असतात, त्यातला एक पैसाही गाणाऱ्या बाईपर्यंत किंवा पेटी-तबलावाल्यापर्यंत जात नाही. आणि मुख्य म्हणजे त्याची गरजच उरलेली नाही. आज नवे अल्बम गाण्याच्या कंपन्या आणि कलाकार स्वतःच इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवतात. मध्ये जाहिराती लागतात. त्यांच्या उत्पन्नातून थोडा का होईना, वाटा त्यांना मिळतो. अडचण असते ती सापडण्याची. म्हणून आम्ही काकूंना बसवून घेतलं, चहा सांगितला आणि त्यांच्याच फोनवर सुरुवात केली.

यूट्यूब बहुतेकींच्या फोनमध्ये असतंच. पण आपण तिथे एकेक गाणं शोधतो, आणि मग पुढचं गाणं यूट्यूब ठरवतं. ते तेच ते वाजवत राहतं, कारण आपण पूर्वी काय ऐकलं त्यावरून ते अंदाज बांधतं. पूर्ण अल्बम हवा असेल तर एक शब्द लक्षात ठेवा : ज्यूकबॉक्स. आपल्याकडच्या कंपन्या अख्खा अल्बम एकाच व्हिडिओत जोडून टाकतात आणि त्याला हे नाव देतात. "मराठी भावगीत ज्यूकबॉक्स", "अभंग ज्यूकबॉक्स" असं नुसतं बोललं तरी चालतं, टाइप करायची गरज नाही, माइकचं चिन्ह दाबा. मग शोधाच्या फिल्टरमध्ये जाऊन नव्या तारखेचे व्हिडिओ निवडा, नाहीतर दहा वर्षांपूर्वीचंच वर येत राहतं. व्हिडिओखालच्या माहितीत कोणतं गाणं किती मिनिटांवर आहे ते बहुधा लिहिलेलं असतं.

ती माहिती उघडायची सवय लावून घ्या, असा आमचा आग्रह आहे. कॅसेटच्या आतला घडीचा कागद आठवतो ना? त्याचंच काम ती करते. काही व्हिडिओंवर नुसतं अल्बमचं चित्र असतं, हलतं काहीच नाही. हे व्हिडिओ कंपनीने गाणी पुरवल्यावर यूट्यूब आपोआप बनवतं. त्यांच्या माहितीत गायक, अल्बमचं नाव, प्रसिद्धीचा दिवस आणि पुष्कळदा गीतकार-संगीतकारही असतात. नवं संगीत सापडण्याचा आमचा सगळ्यात भरवशाचा रस्ता हाच आहे. गाण्यातली बासरी आवडली तर वादकाचं नाव बघा, ते नाव शोधा, त्याचा स्वतःचा अल्बम निघेल. संगीतकाराचं नाव शोधा, त्याने दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतलेलं काहीतरी निघेल. काकूंना एका चित्रपटगीतातला मागचा आवाज आवडला होता. त्या आवाजाचं नाव शोधल्यावर अभंगांचा आख्खा अल्बम समोर आला.

फुकटातल्या यूट्यूबला एक खोट आहे. फोनचा पडदा बंद केला की गाणं थांबतं. पडदा चालू ठेवला तर बॅटरी जाते, आणि चित्रामुळे डेटाही जातो. हिशेब करून पाहू. साध्या दर्जाचं नुसतं ऐकायचं गाणं सेकंदाला ९६ किलोबिट घेतं, म्हणजे तासाला साधारण ४३ एमबी. सहा तास ऐकलं तरी २६० एमबीच्या आत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर मुलांच्या अभ्यासाला पुरेसं उरतं. त्याच गाण्याचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ लावला तर तासाभरातच अर्धा-पाऊण जीबी संपू शकतो. तेव्हा यूट्यूबवर ऐकायचंच असेल तर चाकाच्या खुणेत जाऊन दर्जा १४४ वर आणा. चित्र धूसर होईल, पण आपल्याला कुठे बघायचंय!

शिवताना ऐकायला नुसत्या आवाजाची ॲप बरी. जिओसावन आणि स्पॉटिफाय जाहिरातींसह फुकट चालतात. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं. जिओसावन हे २०१८ मध्ये दोन सेवा एकत्र होऊन बनलं, तिथे मराठीचा स्वतंत्र कप्पा आहे, भाषा निवडताना मराठीवर खूण केली की नव्या अल्बमची रांग समोर येते. दोन्हींत सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा कमी करता येतो. फुकटात गाणी उतरवून ठेवता येत नाहीत, आणि कधी कधी आपण निवडलेलं सोडून दुसरंच लागतं. एकाच ॲपवर मात्र विसंबू नका. विंक २०२४ मध्ये बंद पडलं, गाना २०२२ पासून पैसे भरणाऱ्यांपुरतंच राहिलं. आवडलेल्या अल्बमची नावं वहीत लिहून ठेवा. आमच्या केंद्रात दारामागे अशी एक वही लटकवलेली आहे.

नवं कधी येतं, याचंही वेळापत्रक असतं. जगभरच्या मोठ्या कंपन्या १० जुलै २०१५ पासून नवे अल्बम शुक्रवारी काढतात, त्यामुळे ॲपमधली नव्या गाण्यांची यादी शुक्रवारी बदललेली दिसते. आपल्या मराठीचं खरं वेळापत्रक मात्र पंचांगातलं. वारीच्या आधी अभंग, गणपतीच्या आधी आरत्या आणि गणेशगीतं, नवरात्राच्या तोंडावर देवीची गाणी. ज्येष्ठ लागला की शोधायला लागा. चित्रपटाची गाणी एकेक करून सुटतात, पूर्ण अल्बम प्रदर्शनाच्या आसपास जमतो.

कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे कलाकारही खूप आहेत. त्यांच्यासाठी बँडकँप नावाचं संकेतस्थळ २००८ पासून चालू आहे. तिथे अल्बम विकत घ्यायच्या आधी पूर्ण ऐकता येतो, किती वेळा फुकट ऐकू द्यायचं ते कलाकार ठरवतो. पुणे किंवा मुंबई असं शोधलं तर तिथले लोक सापडतात. खरं सांगायचं तर मराठी फार थोडं मिळतं, पण वाद्यसंगीत ऐकणाऱ्या मैत्रिणींनी जरूर डोकवावं.

एक जागा मात्र आम्ही सगळ्यांनाच सांगतो. ती अल्बमची नाही, पण आपली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत, गाणाऱ्या बायांच्या आवाजात, मराठी शब्दांसह, फुकट. आमच्या एका श्रोत्या आजींनी त्या ऐकून, "अगं, आमच्यात ही दुसऱ्या चालीवर म्हणतात," असं म्हणत फोनवरच आपली चाल ऐकवली.

आता फुकटच्या नावाने खिसा कापणारे प्रकार. काकूंचाच अनुभव आहे. त्यांच्या मुलाने एका ॲपवर "तीन महिने फुकट" असं बघून होकार दिला. होकार देताना यूपीआयची ऑटोपे मंजुरी दिली गेली, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तीन महिन्यांनंतर दरमहा ११९ रुपये कापले जाऊ लागले. पाच महिन्यांनी लक्षात आलं तोवर ५९५ रुपये गेले होते. चार ब्लाउजची शिलाई! असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती आलीही होती, पण इंग्रजीत, आणि शंभर मेसेजच्या ढिगात. तुमच्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे नावाचा कप्पा शोधा. कुणाकुणाला मंजुरी दिली आहे ते तिथे दिसतं आणि तिथेच ती रद्द करता येते. नुसतं गाण्याचं ॲप फोनमधून काढून टाकल्याने मंजुरी रद्द होत नाही, हे काकूंना ठाऊक नव्हतं.

दुसरं, व्हॉट्सॲपवर "सगळी गाणी फुकट" म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका. गाणं वाजवायला कुठल्याही ॲपला तुमचे मेसेज वाचायची परवानगी लागत नाही. ती मागितली तर समजा, त्याचा डोळा बँकेच्या ओटीपीवर आहे.

काही मैत्रिणी विचारतात, मग हे सगळं तुम्ही केंद्रावर का नाही वाजवत? कारण फुकट ऐकता येतं म्हणजे फुकट प्रसारित करता येतं असं नाही. त्यासाठी हक्कदाराची परवानगी लागते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं टिकतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळेच मोजतात. म्हणूनच आमचा भर तुमच्याच भजनी मंडळांच्या मुद्रणावर आणि परवानगी दिलेल्या कलाकारांवर असतो.

काकूंनी त्या दिवशी मेमरी कार्ड परत पर्समध्ये टाकलं. आठवड्याने फोन आला : दोन अल्बम ऐकून झाले, एक आवडला, दुसऱ्यात ढोलकी फार वाजते. त्यांनी सांगितलेलं नाव आम्ही दारामागच्या वहीत लिहून घेतलं आहे.