अंगी लागणे म्हणजे काय?

गिरगाव-लालबागच्या चाळींत किरकोळ अंगाच्या मुलाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही.’ मग गुटी, जंताचे औषध, टॉनिक सुरू होते आणि बोल आईला लागतो. या एका वाक्यात खरे तर तीन प्रश्न दडलेले आहेत. ताटात काय पडते? ते पचते का? पचलेले रक्तात शोषले जाते का?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व परळच्या हाफकिन संस्थेशी जोडलेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आजचे फोलेट. उणीव आहारात होती. ती भरताच शरीराने ते घेतले. म्हणून मुलाच्या पोटाला दोष देण्याआधी ताट तपासावे.

ताट ठीक असूनही वजन वाढत नसेल, तर लहान आतड्याकडे वळावे. त्याच्या अस्तरावर मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. अन्नरस तेथूनच रक्तात जातो. वारंवार जुलाब झाले की ते झिजतात, मूल अशक्त होते आणि अशक्त मुलाला पुन्हा जुलाब होतात. अशा वेळी ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी ठेवणे घातक. जलसंजीवनी, १० ते १४ दिवस झिंक आणि खाणे चालूच, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये एकत्रितपणे सांगितले.

काही मुलांत हे उंचवटे गव्हातील ग्लुटेनमुळे सपाट होतात. हा सिलिअ‍ॅक आजार. त्याचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. अशा मुलाला पोळी, पाव, बिस्कीट बाधते. तांदूळ, नाचणी, ज्वारी चालते. मात्र भाकरीचे पीठ गव्हाच्याच गिरणीत दळले, तर त्यात गहू मिसळतो. आणि रक्ततपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार असूनही तपासणीत दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना आठवड्याभराच्या खाण्याची नोंद, शौचाचे स्वरूप आणि वजनाचा तक्ता न्यावा. तक्त्यावरची रेघ सपाट होत असेल, तर टॉनिकची पुढली बाटली आणण्याआधी मुलाची तपासणी करून घ्यावी.