खाणमालक मुख्यमंत्री : भाऊसाहेब बांदोडकर

८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराची आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या वादाची स्मृती ज्या वऱ्हाडात अद्याप पुसली गेलेली नाही, तेथील अकोला-अमरावतीच्या वाचकांनी गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे चरित्र अगत्याने अभ्यासावे, असे मला मनापासून वाटते.

१९११ साली पेडण्यात जन्मलेल्या भाऊसाहेबांनी पोर्तुगीज अमदानीतच लोहखनिजाच्या खाणींतून अमाप द्रव्य मिळविले. त्या काळी डोंगर फोडून काढलेले तांबडे खनिज मांडवी-जुवारीच्या पात्रांतून बार्जांनी मुरगाव बंदरी येई आणि जहाजांत भरून जपानकडे रवाना होई. असल्या धनाढ्याच्या पाठीशी उभी राहिली ती मात्र कुळे, शेतमजूर आणि बहुजन रयत! महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या बळावर डिसेंबर १९६३ मध्ये सत्तारूढ झालेल्या या खाणमालकाच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, आणि १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण लाभले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचे महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. ज्या प्रश्नाकरिता पक्ष निघाला तोच निकालात निघाला. तथापि कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून आधीच राजीनामा दिलेल्या भाऊसाहेबांच्या पक्षाला त्याच जनतेने मार्चमधील निवडणुकीत पुनश्च बहुमत दिले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते मुख्यमंत्रिपदावर असतानाच निवर्तले, आणि कारभाराची सूत्रे त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आली.