एकाच कृत्यासाठी दोनदा दंड होऊ शकतो काय?

बंगळुरूजवळ होसूर मार्गावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सिमेन्स व बॉश यांसारख्या युरोपीय उद्योगसमूहांची कार्यालये आहेत. अशा समूहांचा व्यवहार अनेक देशांत पसरलेला असल्याने त्यांच्या एकाच गैरकृत्याची दखल अनेक यंत्रणा घेऊ शकतात. अशा वेळी दुसरा दंड न्याय्य ठरतो काय, हा प्रश्न युरोपात सिमेन्सच्याच एका प्रकरणातून पुढे आला होता.

विद्युत उपकेंद्रांत लागणाऱ्या स्विचगिअरच्या उत्पादकांनी १९८८ ते २००४ या काळात संगनमताने किमती ठरवून कंत्राटे वाटून घेतली, असा निष्कर्ष युरोपीय आयोगाने काढला. जानेवारी २००७ मध्ये आयोगाने एकूण ७५ कोटी युरोहून अधिक दंड ठोठावला. त्यात सिमेन्सचा वाटा सुमारे ३९ कोटी ६५ लाख युरोंचा होता. याच संगनमताबद्दल चेक प्रजासत्ताकाच्या स्पर्धा प्राधिकरणानेही दंड आकारला. एका गुन्ह्याला दोन शिक्षा नकोत, हे तत्त्व पुढे करून कंपन्यांनी दाद मागितली. मात्र चेक प्रजासत्ताक १ मे २००४ रोजी युरोपीय संघात सामील झाला. त्यापूर्वी तेथील बाजारावर झालेला परिणाम आयोगाच्या दंडात धरलेला नव्हता. त्यामुळे दोन्ही दंडांचा विषय एक नाही, असे युरोपीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये स्पष्ट केले.

प्रदेश एकच, पण कायदे दोन असतील तर काय, याचे उत्तर २२ मार्च २०२२ च्या बीपोस्ट निकालात मिळते. बेल्जियमच्या या टपाल कंपनीला सवलतींच्या पद्धतीवरून प्रथम टपाल नियामकाने २३ लाख युरो व नंतर स्पर्धा प्राधिकरणाने सुमारे ३ कोटी ७४ लाख युरो दंड केला. नियामकाचा दंड पुढे रद्द झाला. कायदा वेगळा असला तरी कृत्य तेच असेल तर संरक्षण लागू होते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्याला मर्यादा घालता येते. त्यासाठी दुहेरी कारवाईची शक्यता कायद्यात स्पष्ट हवी, दोन्ही यंत्रणांत समन्वय हवा, कारवाया कालदृष्ट्या जवळच्या हव्यात आणि एकत्रित शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी.

भारतात राज्यघटनेचे कलम २० (२) असेच संरक्षण देते, पण त्याची व्याप्ती मर्यादित आहे. त्याचे मूळ मुंबईतील एका खटल्यात सापडते. १९४९ मध्ये सांताक्रूझ विमानतळावर मकबूल हुसेन यांच्याकडील १०७ तोळ्यांहून अधिक सोने सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जप्त केले. पुढे परकीय चलन कायद्याखाली त्यांच्यावर खटलाही भरण्यात आला. सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्यामुळे जप्तीनंतरचा खटला ही दुसरी शिक्षा ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिला. म्हणूनच प्रशासकीय दंडांच्या बाबतीत हे कलम कंपन्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही.

येथे प्रश्न सोडवला जातो तो क्रम ठरवून. जिओच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये अन्य दूरसंचार कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दूरसंचार नियामकाने आधी तांत्रिक बाबींचा निर्णय करावा, त्यानंतर आयोगाने संगनमताचा तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी सांगितले.

हा क्रम देशांतर्गत यंत्रणांपुरताच आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, मार्च २०२४ पासून, आयोगाला दंडाची कमाल मर्यादा ठरवताना कंपनीची जागतिक उलाढाल विचारात घेता येते. युरोपातही एकूण जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे एकाच उलाढालीच्या आधारे दोन्हीकडे दंड होऊ शकतो आणि या दोन यंत्रणांना बांधणारा समान नियम नाही. दंड सौम्य झाला तर संगनमत फायद्याचे ठरते व त्याची किंमत ग्राहक मोजतो. दंड दुप्पट झाला तर न्यायाचे प्रमाण बिघडते. हा तोल साधणे हेच स्पर्धा कायद्यापुढील खरे आव्हान आहे.