भलं तुझ्यापाशी असो

आयरिश भाषेची ओळख : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण आयरिश बोलणारी दोन माणसं भेटल्यावर काय म्हणतात ते पाहिलं. पहिला देवाचं नाव घेतो, दुसरा उत्तरात देवासोबत मेरीमातेचंही घेतो. मिळालं त्याहून थोडं जास्त परत करायचं, ही रीत आज आपल्याला पुन्हा भेटणार आहे, कारण आजचा विषय आहे आभार. त्यातही सुगीच्या दिवसांतले आभार.

आयरिशमध्ये आभार मानताना म्हणतात, 'गु रेव मा अगत'. भरभर बोलताना त्याचं 'गुर मा अगत' होऊन जातं. शब्द सुटे करून पाहिले तर 'मा' म्हणजे भलं, 'अगत' म्हणजे तुझ्यापाशी आणि 'गु रेव' म्हणजे असो. भलं तुझ्यापाशी असो. या वाक्यात 'मी' कुठेच नाही, आणि आभार असा शब्दही नाही. ज्यानं काही दिलं त्याच्यासाठी काही मागितलं जातं, इतकंच.

इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्यांना ही रचना फार चमत्कारिक वाटते. मराठी वाचकाला तसं वाटायचं कारण नाही. आयरिशमध्ये इंग्रजीसारखं मालकी दाखवणारं क्रियापद नाही. घर 'माझ्यापाशी असतं', पैसे 'माझ्यापाशी असतात'. आपणही 'माझ्याकडे पैसे आहेत' असंच म्हणतो. भूक, तहान, आनंद या गोष्टी आयरिश माणसाच्या अंगावर येतात, आपल्याला भूक लागते. इच्छा दाखवणारं 'असो', 'होवो' हे रूप आपल्याकडे आहे, तसं त्यांच्याकडेही आहे. त्यामुळे 'गु रेव मा अगत' मराठीत जसंच्या तसं बसतं. पंगतीत पोटभर जेवून उठताना आपल्याकडची जुनी माणसं 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात. वाढणाऱ्याला 'मी आभारी आहे' असं कुणी म्हणत नाही, त्याच्या सुखाची इच्छा करतात. आयरिश माणसाचे रोजचे, दुकानातले आणि बसमधलेही आभार याच घडणीचे आहेत.

समोर एकापेक्षा जास्त माणसं असतील तर 'अगत'चं 'अगिव' होतं. आदरार्थी बहुवचनाची आपल्यासारखी सर्रास रीत तिथे नाही, म्हणून आजोबा असोत की शाळकरी पोर, एकटा असेल तर 'अगत'च. भावना मोठी असेल तर मध्ये 'मीले' घालतात: हजारपट भलं असो. उत्तरात 'ता फाल्चे रोत' म्हणतात, म्हणजे तुझ्यापुढे स्वागत आहे. किंवा नुसतं 'ना हाबर ए', म्हणजे ते बोलूही नकोस. कृतज्ञतेसाठी 'ब्वीखस' असा स्वतंत्र शब्दही आहे. सुटकेचा निःश्वास टाकताना किंवा पाऊस वेळेवर थांबल्यावर 'ब्वीखस ले दीआ', देवाचे आभार, हे तर पावलोपावली ऐकू येतं.

आता सुगीकडे वळू. आयरिशमध्ये ऑगस्ट महिन्याचं नावच 'लूनसा' आहे. १ ऑगस्टच्या आसपास येणाऱ्या सुगीच्या सणाचं हे नाव, आणि ते लूग या जुन्या देवावरून आलेलं. परंपरा सांगते की लूगनं आपली दाई-आई ताल्चू हिच्या स्मरणार्थ मीथ परगण्यात जत्रा आणि खेळ सुरू केले. जंगल तोडून शेतजमीन मोकळी करताना ती श्रमानं मेली, असं कथेत आहे. सुगीच्या सणाच्या मुळाशी जमिनीसाठी खपलेल्या बाईची आठवण आहे, हे मला या सणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

या सणाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचं मोठं श्रेय मोर्या मॅकनील या अभ्यासिकेचं. १९३५ मध्ये आयरिश लोककथा आयोग स्थापन झाला आणि खेड्यापाड्यांतल्या आठवणी लिहून घेतल्या जाऊ लागल्या. त्या साहित्यावर मॅकनीलबाईंनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६२ मध्ये लूनसाच्या सणावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. बहुतेक गावांत सणाचं जुनं नावही उरलं नव्हतं. कुठे त्याला हाराचा रविवार म्हणत, कुठे बिलबेरीचा रविवार. जुलैच्या शेवटच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तरुण मुलंमुली डोंगरावर जात, रानातल्या निळ्याकाळ्या बिलबेऱ्या वेचत, गात, नाचत, आणि कित्येक लग्नं तिथेच जुळत. मायो परगण्यातल्या क्रोक पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी आजही हजारो यात्रेकरू चढतात, काही अनवाणी. यात्रा आता संत पॅट्रिकच्या नावाची आहे. दिवस मात्र सुगीचाच राहिला.

त्या दिवसाला इतकं महत्त्व का, हे समजायला जुलै समजून घ्यावा लागतो. गरीब घरात गेल्या वर्षीचे बटाटे उन्हाळ्यातच संपत आणि नवे तयार व्हायला अवकाश असे. मधल्या दिवसांत कोबीच्या पानांवर भागवावं लागे, म्हणून या महिन्याला 'कोबीचा जुलै' म्हणत. पोटात आग असली तरी सणाच्या आधी बटाटे उकरणं कमीपणाचं मानलं जाई. तो घरधन्याच्या नियोजनाचा पराभव होता. सणाच्या दिवशी पहिले बटाटे निघत आणि घरातल्या प्रत्येकाच्या पानात पडत. आभारासाठी वेगळं भाषण लागत नसे. महिनाभर दाबून ठेवलेली भूक आणि मग भरलेलं पान, यात सगळं येऊन जाई.

शेतात काम चालू असताना मात्र बोलावंच लागे. वाटेनं जाणारा माणूस कापणी करणाऱ्यांना ओरडून सांगे, 'बाल ओ यीआ एर अन ओबर', म्हणजे या कामावर देवाची कृपा असो. हे न म्हणता पुढे जाणं उद्धटपणाचं होतं. कुणाच्या गाईचं, पोराचं किंवा पिकाचं कौतुक करताना आशीर्वाद जोडला नाही, तर दृष्ट लावायचा हेतू असल्याचा संशय येई. कौतुक आणि शुभेच्छा एका श्वासात हव्यात, असा तो दंडक होता.

कापणी शेजारीपाजारी मिळून करत. अशा जमावाला 'मेहल' म्हणतात. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, खाणंपिणं आणि परतफेडीचा भरवसा. आपल्याकडच्या इर्जिकीशी याचं नातं जवळचं आहे. मेहलमध्ये आलेल्या शेजाऱ्याला 'गु रेव मा अगत' म्हटलं जाई, पण खरे आभार त्याच्या शेतात कोयता घेऊन हजर राहण्यात होते. शेवटची पेंढी कापली की काम संपल्याची मेजवानी होई. काही भागांत त्या पेंढीला 'म्हातारी' म्हणत आणि लांबून कोयते फेकून ती कापायची चुरस लागे. गव्हाच्या काड्यांच्या छोट्या गाठी विणून आवडत्या माणसाला द्यायचीही रीत होती.

मग अमेरिकेतला आभाराचा सण, थँक्सगिव्हिंग? आयर्लंडमध्ये तो सण नाही. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आणि कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार हे त्याचे दिवस. तिथे राहणाऱ्या आयरिशभाषकांना त्यासाठी नाव हवं होतं. ते झालं 'ला अन आल्तिहे'. जेवणाआधी आणि जेवणानंतर म्हणायच्या प्रार्थनेला 'अल्तू' म्हणतात, त्यावरून हे नाव. पानावर बसलेल्या माणसाच्या तोंडचा जुना शब्द परक्या सणाला दिल्यामुळे तो सण आयरिश घरात परका राहत नाही. कॅनडाचा दिवस तर भाषेच्या पंचांगातही चपखल बसतो: आयरिशमध्ये ऑक्टोबरचं नावच 'सुगीची अखेर' असं आहे. त्याच कॅनडात, ऑन्टॅरिओमध्ये, २००७ साली आयरिश बोलणाऱ्यांनी स्वतःची एक वस्तीवजा जागा उभी केली. २०२२ च्या जनगणनेनुसार खुद्द आयर्लंड प्रजासत्ताकात शाळा-कॉलेजाबाहेर रोज आयरिश बोलणारे जेमतेम ७२ हजार आहेत. हे पाहिलं की समुद्रापलीकडे ही भाषा घरातल्या पंगतीत टिकवू पाहणाऱ्यांचं मोल कळतं.

आयरिश माणूस उपकार किती काळ लक्षात ठेवतो, याचा एक दाखला सुगीशीच, म्हणजे फसलेल्या सुगीशी, जोडलेला आहे. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडत गेला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चोक्टॉ आदिवासींनी या भुकेल्यांसाठी १७० डॉलर जमवून पाठवले. जेमतेम दीड दशकापूर्वी त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकललं गेलं होतं आणि त्या वाटेवर त्यांचे हजारो लोक मेले होते. या मदतीच्या आठवणीत कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन गावात पोलादी पिसांचं एक उंच शिल्प उभारून २०१७ मध्ये चोक्टॉ प्रतिनिधींच्या उपस्थितीत त्याचं अर्पण झालं. २०२० मध्ये करोनानं अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी आदिवासींच्या वस्त्यांना ग्रासलं, तेव्हा आयर्लंडमधून मदतीचा ओघ सुरू झाला. चोक्टॉंच्या देणगीची परतफेड म्हणून देत आहोत, असं कित्येकांनी लिहिलं होतं. पैसे चोक्टॉंना गेले नाहीत, त्यांच्यासारख्याच दुसऱ्या आदिवासींना गेले, आणि यात कुणालाच विसंगती वाटली नाही.

(पुढील लेखांकात : आयरिश महिन्यांची नावं आणि नोव्हेंबरपासून सुरू होणारं त्यांचं वर्ष)