कानाला एक, डोळ्याला निराळे

श्रुतलेखनाच्या तासाला गुरुजींनी ‘राइट’ हा शब्द उच्चारावा आणि मुलांनी तो निरनिराळ्या तऱ्हांनी लिहावा, यात नवल काही नाही. लिहिणे, उजवा अथवा योग्य, धर्मविधी आणि कारागीर अशा अर्थांचे चार शब्द इंग्रजीत आहेत. लेखनात ते वेगळे, उच्चारात मात्र एकच. नाटककारास इंग्रजीत ‘प्लेराइट’ म्हणतात. त्यातील ‘राइट’ हा लिहिणारा नसून घडविणारा कारागीर आहे, हे पुष्कळ सुशिक्षितांच्याही ध्यानात नसते.

हा घोटाळा कोणी मुद्दाम केलेला नाही. रात्र या अर्थाचा ‘नाइट’ आणि सरदार या अर्थाचा ‘नाइट’ यांपैकी दुसऱ्याच्या आरंभी ‘के’ हे अक्षर उगाच बसलेले दिसते. चौदाव्या शतकात, चॉसर कवीच्या काळी, तो ‘क’ स्पष्ट उच्चारला जाई, आणि दोहोंतील ‘जी-एच’ ही अक्षरे घशात घासून निघणाऱ्या ‘ख’सारखी वाजत. जर्मन भाषेत रात्रीस आजही ‘नाख्त’ म्हणतात, आणि चाकर या अर्थाचा त्या भाषेतील ‘क्नेख्त’ हा इंग्रज सरदाराचाच भाऊबंद होय. पुढे १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला व शब्दांची लेखने हळूहळू गोठू लागली. उच्चार मात्र थांबले नाहीत. दीर्घ स्वर बदलले, कित्येक व्यंजने गळाली. मांस या अर्थाचा ‘मीट’ आणि भेटणे या अर्थाचा ‘मीट’ यांचे स्वर पूर्वी भिन्न होते. ते पुढे एक झाले. याउलट फूल आणि पीठ या अर्थांचे ‘फ्लावर’ मुळात एकच. गव्हाचा उत्तम, निवडक अंश तो गव्हाचे ‘फूल’. लेखन तेवढे मागाहून दुभंगले.

मराठी मुलाच्या वाट्याला याहून अधिक अडचण येते. इंग्रजाच्या कानाला जे शब्द वेगळे, तेही त्याला एकच वाटतात. लेखणी आणि वेदना, दोन्ही देवनागरीत ‘पेन’. परीक्षा आणि चव, दोन्ही ‘टेस्ट’. मराठीत ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’ असा भेद नाही, तेव्हा कानाने तो टिपावा कसा? ‘व’चेही तसेच. बंडीचा ‘वेस्ट’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला लागावयास हवेत. पश्चिमेच्या ‘वेस्ट’साठी दात दूर ठेवून दोन्ही ओठ गोल करावयाचे. आरसा समोर धरून हे पाच मिनिटांत दाखविता येते. पण दाखवितो कोण?

आणि गुण मात्र मुलाचे जातात. कानाने बरोबर ऐकून, हाताने एक खरा इंग्रजी शब्द लिहूनही वहीत तांबडी फुली येते, आणि असा मुलगा स्वतःस मठ्ठ समजू लागतो. ‘राइट’ एवढेच ऐकविले तर लंडनचा मुलगाही गोंधळेल. मराठीत तरी काय, हात या अर्थाचा ‘पाणि’ आणि पिण्याचे ‘पाणी’ नुसत्या उच्चारावरून कोण ओळखील? संदर्भ हवा. म्हणून असे शब्द सुटे न सांगता वाक्यात सांगावेत. ‘ही राइट्स विथ हिज राइट हँड’ एवढे वाक्य गुरुजींनी दोनदा सावकाश म्हटले, तर कोणता ‘राइट’ कोठे लिहावयाचा हे मुलास आपोआप उमगते.