एका इंग्लिश खेड्याचीं छायाचित्रें

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, विल्टशर परगण्यांत, लेकॉक नांवाचें एक खेडें आहे. चौकोनांत मांडलेले चार रस्ते, दुतर्फा दगडाचीं, विटांचीं व लांकडी चौकटींचीं घरें, पूर्वेस उंच मनोऱ्याचें ख्रिस्तमंदिर आणि गांवाच्या कडेस एक जुना मठ, एवढाच त्याचा विस्तार. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना छायाचित्रें काढण्याचा नाद आहे त्यांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. एका निगेटिव्हवरून पुष्कळ प्रती काढण्याच्या पद्धतीचा पाया ह्याच खेड्यांत घातला गेला.

हा मठ एला नांवाच्या सरदार-स्त्रीनें 1232 सालीं धर्मभगिनींसाठीं स्थापिला. आठव्या हेन्री राजानें देशांतील मठ मोडले तेव्हां, 1539 सालीं, तोहि बंद झाला व पुढें त्याचें राहतें घर झालें. त्या घरांत एकोणिसाव्या शतकांत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (1800–1877) हे विद्वान् गृहस्थ राहत असत. 1833 सालीं इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं चित्र काढावयास बसले असतां हात कांहीं केल्या साधेना. तेव्हां, उजेडालाच कागदावर चित्र उमटवावयास लावितां येईल काय, हा विचार त्यांच्या मनांत आला. साध्या लिहिण्याच्या कागदास त्यांनीं प्रथम मिठाचें पाणी व मग सिल्व्हर नायट्रेटचें पाणी दिलें. असा कागद उजेडांत काळा पडतो. तो लहान लहान लांकडी पेट्यांत घालून त्या पेट्या ते घराभोंवतीं ठेवून देत. त्यांच्या पत्नी ह्या पेट्यांना थट्टेनें उंदरांचे सापळे म्हणत! ऑगस्ट 1835 मध्यें अशाच एका पेटीनें मठाच्या दक्षिणेकडील खिडकीचें चित्र घेतलें. तें जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढें आहे; पण नवें असतांना भिंगांतून पाहिल्यास त्यांत खिडकीचीं सुमारें दोनशें तावदानें मोजतां येत, असें टॅल्बट ह्यांनीं टिपून ठेविलें आहे. कॅमेऱ्यानें घेतलेल्या व आज शिल्लक असलेल्या निगेटिव्हांत तें सर्वांत जुनें होय.

आतां ह्या गांवचीं चित्रें घ्यावयाचीं तर आधीं सूर्याचा विचार केला पाहिजे. मुंबईस डिसेंबरांत भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें 48 अंश वर असतो. लेकॉक येथें तोच अवघा 15 अंश. त्यामुळें हिंवाळ्यांत एका बाजूच्या घरांची सावली समोरच्या घरांवर चढते. उलट, असें तिरपें ऊन ज्या भिंतीवर पडतें तिच्या दगडांतील प्रत्येक खांच उठून दिसते. मंदिराचा मनोरा घेतांना नवखे लोक कॅमेरा वर उचलतात, आणि मग मनोरा मागें कलंडल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ धरून मागें हटावें, हा त्यावरील साधा उपाय. चौदाव्या शतकांतील मोठ्या कोठारांत, जेथें मठाचें येणें धान्य व लोंकर ह्या रूपानें सांठवीत, उजेड फार थोडा. तेथें कॅमेरा तिपाईवर ठेवून धीर धरावा. जवळच पूर्वीची घुमटाची कोठडी आहे. ती छोटी असल्यामुळें बहुतेक प्रवासी ती न पाहतांच पुढें जातात. आमच्या मतें मठापेक्षां तीच गांवची अधिक हकीकत सांगते.

येथवर हाताचें कसब झालें. खरी अडचण पुढें आहे. 1944 सालीं मटिल्डा टॅल्बट ह्या बाईंनीं मठ व बहुतेक सर्व गांव नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस दिलें. संस्था घरें भाड्यानें देते व त्यांचें जुनें रूप जपते; विजेच्या तारा लोंबतांना दिसत नाहींत. म्हणूनच 1995 सालीं एका जुन्या कादंबरीवरील दूरचित्रवाणी-मालिकेचें आणि पुढें मठाच्या ओवऱ्यांत हॅरी पॉटरच्या बोलपटाचें चित्रण येथें झालें. प्रवासीहि मोटार चौकटीबाहेर ठेवून, माणूस निघून जाईपर्यंत थांबून, दोनशें वर्षांपूर्वींचें गांव सांपडल्याच्या आनंदांत चित्र घेतो. त्या चित्रांत खोटें कांहींच नसतें, आणि तरीहि पाहणाऱ्याची फसगत होते. हें गांव काळ विसरला म्हणून जुनें राहिलेलें नाहीं. कोणी तरी तें मुद्दाम राखिलें आहे, आणि त्या दारांमागें माणसें स्वयंपाक करीत आहेत, मुलें अभ्यास करीत आहेत. त्यांच्या खिडकीस कॅमेरा लावून आंत डोकावणें असभ्यपणाचें होय, हें वेगळें सांगावयास नकोच.

टॅल्बट ह्यांचें स्वतःचें मत ह्या बाबतींत ऐकण्याजोगें आहे. घेणाऱ्याच्या ध्यानींमनींहि नसलेल्या गोष्टी चित्रांत उतरतात, एखाद्या इमारतीवरील लेख किंवा दूरच्या घड्याळांतील वेळसुद्धां मागाहून सांपडते, ह्याचें त्यांना मोठें कौतुक वाटे. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं मोटार अवश्य येऊं द्यावी. पुढें पन्नास वर्षांनीं तीच चित्राचें साल सांगेल.

टॅल्बट ह्यांनीं 1844 ते 1846 ह्या काळांत आपल्या छायाचित्रांचें पुस्तक सहा भागांत प्रसिद्ध केलें. त्यांत चोवीस चित्रें आहेत. मठाच्या ओवऱ्या त्यांत आहेतच; पण लोकांच्या लक्षांत राहिलें तें एका साध्या उघड्या दाराचें चित्र. उंबऱ्याशीं खराटा टेकलेला आहे, भिंतीवर कंदील व घोड्याचा लगाम टांगलेला आहे, आणि आंत अंधार आहे.