परकर-पोलके

परकर-पोलके : महाराष्ट्रातील मुलींचा पारंपरिक दुहेरी पोशाख. कमरेपासून घोट्यापर्यंत येणारा घोळदार परकर आणि त्यावर घालावयाचे बाह्यांचे पोलके, असे त्याचे दोन भाग होत. बालपणापासून लग्न होईपर्यंत मुली हा पोशाख वापरीत. लग्नानंतर त्याची जागा लुगडे व चोळी यांनी घेतली जाई. तमिळनाडूतील पावाडै व सट्टै आणि कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण येथील लंगा व झंपर हे याच प्रकारचे पोशाख होत. बालपण व विवाहित जीवन यांच्या मधल्या वर्षांना समाजाने किती अवकाश दिला, हे या पोशाखाच्या इतिहासावरून दिसून येते.

घडण : परकर कापडाच्या सरळ पट्ट्यांचा शिवतात. वरच्या कडेला चुण्या घालून नेफा करतात व त्यात नाडी ओवतात. खालच्या बाजूस काठ येईल अशा बेताने कापड घेतले जाते. कापड वाया जाऊ नये म्हणून परकर मुद्दाम लांब बेतून त्यास एकदोन आडव्या दुमडी घालीत व मुलीची उंची वाढेल तशा त्या उसवीत. त्यामुळे एकच परकर तीनचार वर्षे पुरे. सामान्य कुटुंबांत आईच्या वापरलेल्या लुगड्याचा चांगला भाग काढून त्याचाही परकर शिवला जाई. पोलके कमरेपर्यंत येणारे व पुढे बटणे किंवा हूक असलेले असे. सणासुदीसाठी ते खणाचे शिवीत. खण म्हणजे रेशीम व सूत यांच्या मिश्र विणीचे, नक्षीदार व काठांचे अरुंद पन्ह्याचे कापड. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे त्याचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील खण महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर खपत आला आहे.

वय व पोशाख : तमिळ परंपरेत मुलीच्या पोशाखाचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात. बालपणी पावाडै व सट्टै. ऋतुप्राप्तीनंतर त्यांवर सु. अडीच मी. लांबीची दावणी, आणि लग्नानंतर साडी. दावणीचे एक टोक कमरेशी खोचून दुसरे छातीवरून खांद्यावर घेतात. अशा रीतीने ती पदराचे काम करते, म्हणूनच या पोशाखाला ‘अर्धी साडी’ असेही म्हणतात. मुलगी वयात आल्याचा समारंभ तमिळनाडूतील अनेक जातींत नातलगांच्या उपस्थितीत होतो व त्या वेळी मामाने वस्त्र देण्याची चाल आहे.

महाराष्ट्रात दावणीसारखे मधले वस्त्र सर्वत्र रूढ झाले नाही. याचे एक महत्त्वाचे कारण बालविवाहाच्या चालीत आढळते. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मणादी अनेक जातींत मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वीच होत असे. त्यामुळे न्हाण येण्याचा समारंभ, म्हणजे मखर व ऋतुशांती, विवाहितेचाच असे. आठदहा वर्षांची मुलगी परकर सोडून एकदम नऊवारी लुगड्यात येई. सु. आठ मी. लांबीचे ते वस्त्र कासोटा घालून नेसणे व सावरणे हे लहान मुलीस कष्टाचेच होते. किशोरवय असे काही सामाजिक दृष्ट्या मानलेच जात नसल्याने त्या वयाच्या स्वतंत्र पोशाखाचीही गरज भासली नाही.

शिक्षण व कायदे : ही स्थिती पालटण्यास स्त्रीशिक्षण व विवाहविषयक कायदे कारणीभूत झाले. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पुण्यातच १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) सुरू झाले आणि १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे केली. १९२९ च्या बालविवाह निर्बंध कायद्याने (सारडा कायदा) मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. १९४९ मध्ये ते १५ व १९७८ च्या दुरुस्तीने १८ करण्यात आले. कायद्यांची अंमलबजावणी प्रारंभी ढिली होती. तथापि शाळेत जाणाऱ्या अविवाहित मुलींचा वर्ग वाढत गेला व त्यांनी काय नेसावे, हा नवाच प्रश्न उभा राहिला. शहरांत लहान मुलींत झगा (फ्रॉक) रूढ झाला, तर मोठ्या मुली परकर-पोलके किंवा पाचवारी पातळ वापरू लागल्या. पुढे शाळांनी गणवेश ठरविले. त्यांत गुडघ्याखालपर्यंतचा स्कर्ट व पांढरा ब्लाउज हा प्रकार सर्वाधिक प्रचारात आला. परकर त्यामुळे घरापुरता व सणापुरता उरला.

याच काळात ‘परकर’ या शब्दाचा अर्थही विस्तारला. सकच्छ नऊवारी नेसताना आत परकराची गरज नसते. गोल नेसावयाच्या पाचवारी साडीला मात्र निऱ्या खोचण्यासाठी तो आवश्यक असतो. त्यामुळे मुलींचे वरचे वस्त्र प्रौढ स्त्रियांचे आतील वस्त्र बनले व आज पुष्कळांना परकराचा हाच अर्थ प्रथम आठवतो.

विदर्भ व भंडारा जिल्हा : विदर्भातील वस्त्रव्यवसायात कोष्टी विणकरांचे स्थान मोठे आहे. नागपूर, उमरेड, पवनी ही हातमागाच्या कापडाची जुनी केंद्रे होत. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगाव येथे कोशाचे (टसर रेशमाचे) विणकाम चालते. ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून हे रेशीम मिळते. करवतीच्या दात्यांसारखे काठ असलेली ‘करवतकाठी’ साडी ही या प्रदेशाची खासियत होय. कोशाचे वस्त्र सोवळ्यासाठी व मंगलकार्यासाठी वापरीत. मुलींचे रोजचे परकर मात्र सुतीच असत. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे उभारलेली एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. यंत्रावरील स्वस्त कापड गावोगावच्या बाजारांत पोहोचू लागले, तसा हातमागाचा व्यवसाय संकुचित होत गेला.

तुमसर तालुक्यातील सिहोरा व आसपासची गावे मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या धानपट्ट्यात मोडतात. अशा गावांत पोशाखातील बदल केवळ आवडीनिवडीने झालेला नाही. रोवणीच्या चिखलात लांब परकर खोचून काम करावे लागते. माध्यमिक व त्यापुढील शिक्षणासाठी सायकलीने किंवा बसने मोठ्या गावी जाताना तर घोळदार परकर अडचणीचाच ठरतो. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या आहेत. सलवार-कमीज हा पोशाख अशा प्रवासास सोयीचा ठरला.

नवे प्रवाह : मराठीत ‘पंजाबी ड्रेस’ या नावाने ओळखला जाणारा सलवार-कमीज १९७० नंतर शहरांतील महाविद्यालयीन मुलींत वेगाने पसरला व पुढील दोन दशकांत खेड्यांतही रुळला. हिंदी चित्रपट, तयार कपड्यांची दुकाने, कृत्रिम धाग्यांचे न चुरगळणारे कापड व गावातील शिंपीकाम ही या प्रसाराची कारणे होत. अनेक शाळांनी वरच्या इयत्तांसाठी तोच गणवेश स्वीकारला. तमिळनाडूतही याच सुमारास दावणीची पीछेहाट झाली व शालेय गणवेशातील तिची जागा सलवार-कमीजने घेतली. या पोशाखातील ओढणीने दावणीचे व पदराचेच काम पुढे चालविले, हे लक्षणीय आहे. वस्त्र बदलले, तरी वयात आलेल्या मुलीने अंग झाकून घ्यावे, ही अपेक्षा लगेच बदलली नाही. त्यानंतर जीन्स, कुर्ता व लेगिंग यांचा प्रसार झाला. त्यांबरोबर ओढणी ऐच्छिक होऊ लागली. अनेक घरांत व शाळांत हा वादाचाही विषय झाला आहे.

दुसऱ्या बाजूस परकर-पोलके सणाचा पोशाख म्हणून पुन्हा प्रचारात आले आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा, गौरी-गणपती, हळदीकुंकू व शाळांची स्नेहसंमेलने या प्रसंगी मुली खणाचे परकर-पोलके हौसेने घालतात. शिवलेली नऊवारीही बाजारात मिळते. तमिळनाडूत पोंगल व विवाहप्रसंगी पावाडै-दावणी अशीच जपली गेली आहे. हा वापर निवडीचा असतो व दुसऱ्या दिवशी मुलगी आपल्या नेहमीच्या कपड्यांत शाळेत जाते.

पूर्वी परकर सुटणे म्हणजे बालपण सुटणे असा अर्थ होता. शाळा, प्रवास व विवाहाचे वाढलेले वय यांमुळे मधली वर्षे मुलींना लाभली व त्या वर्षांचे वेगवेगळे पोशाख निर्माण झाले. मात्र ही वर्षे सर्वांना सारखी लाभलेली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी महाराष्ट्रात सु. २२ टक्के व तमिळनाडूत सु. १३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. अशा मुलींच्या बाबतीत पोशाखाची निवड आजही शाळा सुटण्याबरोबरच संपते.